रांजण

घणसोलीच्या रात्रशाळेत
मी ग्रीकांची पहिली बाई शिकवत होते.
पँडोरानं पेटी उघडली
आणि जगभर दुखणी पसरली.
पेटी नव्हती खरं तर, रांजण होता;
कुणा पंडितानं भाषांतरात
त्याची पेटी केली.

मागच्या बाकावरून बारकीबाय,
जिच्या खाचरांचा आता सेक्टर नऊ झालाय,
म्हणाली, "मंग बराबर.
तांदूल सरला का, त्यो बाईच बघनार.
पन त्यान रोग भरलं कोनी?"

फळ्यावर मी लिहिलं : देवांनी.
खडू मोडला.
कुणी हसलं नाही.

तळाशी आशा तेवढी उरली,
हे सांगेपर्यंत नऊ वाजले.

"उरली नाय,"
दारात चपला शोधत ती,
"ठेवली आसंल तिनीच.
मूठभर.
बियान्याला."