वरच्या अंगानं

पत्र दोन ओळींचं होतं.
दवाखाना बंद.
नदीपल्याड मुलींच्या वसतिगृहात रुजू व्हावं.
खाली शिक्का, इतका पुसट
की मी तो खिडकीशी नेऊन पाहिला,
कुणाचं नाव दिसतं का म्हणून.

एकवीस वर्षं मी कोसंबीत बाळं काढली.
काढली म्हणजे काय,
ती येतच होती, मी खाली हात धरले.
वसतिगृहातलं मला काय कळतं?
शंभर पोळ्यांची कणीक, हजेरी, कुलपाच्या वेळा.
प्रभू, पत्ता चुकलास का,
असं मी रात्री सरळच विचारलं.
मोहाच्या झाडावर घुबड बोललं.
ते रोजच बोलतं.

आणि मार्चमधली ती पहाट.
बनाबाईच्या सुनेचं बाळ निळं आलं.
चिकटा ओढला, पाठ चोळली, श्वास फुंकला,
मोठ्यानं तुझं नाव घेतलं,
सगळ्या बायकांसमक्ष.
लाईट गेली नव्हती. ऑक्सिजन होता.
काहीच कमी नव्हतं,
म्हणून तर कळत नाही.
उजाडल्यावर बनाबाईनं मलाच चहा दिला.
"तुमी काहून रडता, बाई? तुमी तं होता."
हे एवढंसं वाक्य
मला पूस लागेपर्यंत पुरलं.

आज पेटी, वळकटी,
बाळं तोलायचा झोळीचा काटा
(तो दवाखान्याचा, पण कुणी मागितला नाही)
आणि मी, डोंगीत.
वैनगंगेवर धुकं.
पल्याडचा घाट नाहीच, नुसतं पांढरं.
दयाराम डुमाने मागच्या टोकाला उभा राहिला,
बांबू रेतीत टेकवला
आणि डोंगी लोटली.
पल्याड नाही. वर.
काठाकाठानं, पाण्याच्या उलट.

पुन्हा आमचीच चिंच,
कपडे धुवायचा आमचाच दगड,
मागच्या भिंतीवर मीच गेरूनं लिहिलेलं
‘लसीकरण बुधवारी’,
आणि दाराला नवं कुलूप.
जे मी काल रात्री पाठीवर टाकून निघाले
ते सगळं परत हळूहळू
डोळ्यांसमोरून नेलं त्यानं.
"दादा, मला पल्याड जायचं आहे."
"मालूम हाय."
"मग हे कुठं?"
तो बांबू टेकवत राहिला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"सिद्धी लोटली तं धार खालतं खडकावर नेते.
जेथं उतराचं, तेच्या वरूनच सुटा लागते, बाई."

मनात आलं, हे रविवारी बायकांना सांगता येईल.
लगेच लाज वाटली.
त्याच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा,
अंगात मुलाचा शाळेचा स्वेटर;
हा माणूस काही माझा दृष्टांत व्हायला
पहाटे चारला उठला नव्हता.
आणि ते निळं बाळ
कुठल्या घाटासाठी किती वर नेलं होतं,
हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

वळणाशी त्यानं बांबू ठेवला, वल्हं घेतलं,
डोंगी धारेत सोडली.
ती एकदा थरथरली, बुडाखालून काहीतरी घासत गेलं.
मागचा काठ पुसला. पुढचा आला नाही.
तो माझ्या पाठीमागे, दिसत नाही;
फक्त चुबुक,
मग काहीच नाही,
मग चुबुक.
त्या मधल्या काहीच-नाहीत मी घट्ट बसून होते.

तुमी तं होता.
तूही होतास ना, मार्चमध्ये.
हे म्हणायला मला नदीच्या मध्यावर यावं लागलं.
म्हटलं म्हणजे समजलं, असं नाही.
पण वल्हं हातात घेऊ का,
असं मी दयारामला विचारलं नाही,
आणि तुलाही नाही.

धुक्यापल्याड कुणी राखेनं भांडं घासत होतं.
मग एक पोर खोकली.
कोरडा, रात्रभराचा खोकला.
पेटीवर हात गेला माझा.
अडुळसा वरच ठेवला आहे.