ऐनवेळचे विषय

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सातला,
चर्चच्या तळघरात आमची बैठक भरते.
भरते म्हणजे चाळीस खुर्च्या, चौदा माणसं
आणि कॉफीचं एक पिंप, जे नेहमी
कुणाच्या तरी मयताला आधी वापरून झालेलं असतं.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
ते मीच लिहितो, मीच वाचतो,
विल्बर टिग्ज झोपेतून अनुमोदन देतो.
बाल्टिमोरच्या पूर्वेला, बंदराचा भोंगा
जेमतेम ऐकू येईल इतक्या अंतरावर आमची वस्ती:
दोनशे बारा घरं, खांद्याला खांदा लावून,
प्रत्येकाला तीन पांढऱ्या पायऱ्या,
एकोणीस घरांच्या खिडक्यांना प्लायवूड.

विषय तेच.
उंदीर. गटाराचं झाकण.
बर्फ उपसून मोकळी केलेली गाडीची जागा
ज्याने उपसली त्याचीच का, आणि किती दिवस
(यावरून दोन भाऊ सात वर्षं बोलत नाहीत).
आणि क्रमांक चार, बोळाच्या तोंडाचा दिवा:
"महापालिकेस पत्र पाठवले. उत्तराची प्रतीक्षा."
हे वाक्य मी टाइपही करत नाही,
मागच्या महिन्यातून उचलतो, चिकटवतो.

पत्रक निघतं पिवळ्या कागदावर, पाठपोट एक पान.
वाटायचं डोलोरेस कुबियाकने.
वय एक्याऐंशी, एक गुडघा धातूचा.
ती प्लायवूडच्या घरांतही टाकायची.
"अगं, तिथे कुणी राहत नाही," म्हटलं तर म्हणायची,
"घर राहतंय ना. त्याला कळू दे."
चारशे सतराच्या दाराची पितळी फट तर
बाहीने पुसून मग कागद आत सरकवायची.
मी एकदा ठराव मांडला, एकोणीस प्रती कमी करण्याचा.
अकरा विरुद्ध, दोन बाजूने. मी आणि झोपेतला विल्बर.

डोलोरेस जानेवारीत गेली. पत्रकात चौकट आली,
आणि वाटप माझ्याकडे. कबूल करतो,
चारशे सतराची फट मी पुसली नाही.
वगळलीही नाही.

एप्रिलमध्ये पंधरावी खुर्ची सरकली.
एरिट्रियाहून आलेली बाई, नाव लेतेब्रहान,
अंगात इस्पितळाच्या सफाईचा गणवेश,
शेजारी दहा वर्षांची मुलगी, मांडीवर
किराण्याची पिशवी, पिशवीत पिवळे कागद.
चारशे सतराचं दार उघडतच नव्हतं, ती म्हणाली.
वाटलं, आतून कुणी दाबून धरलंय.
नवऱ्याने खांदा लावला, तेव्हा फरशीवरून
अकरा वर्षं मागे सरकली.

हीटर लागेपर्यंतच्या थंड रात्री
मुलीने ती महिन्यावारी लावली, मोठ्याने वाचली.
आईचं इंग्रजी त्यातच पिकलं. म्हणून ती उठली
आणि म्हणाली, "अध्यक्षांच्या परवानगीने."
तळघर हसलं. ती नाही हसली.
तिला सगळं ठाऊक होतं. भोपळ्याच्या पायचं
बक्षीस कुणी कितीदा घेतलं ते. ते दोघे भाऊ
आधी एकाच फावड्याने बर्फ उपसत, ते.
"आणि ते करडं मांजर? सापडलं का?"
पुढचा अंक भिजून गेला होता.
सापडलं होतं. सांगायला विल्बर जागा झाला.

मग तिने क्रमांक चार काढला.
"मी पहाटे चारला तिथून येते.
दिव्याखाली अंधार आहे. पत्र कुणी पाठवलं?"
मी इतिवृत्तात डोकं घातलं.
तिथे माझीच सही होती.
पहिल्या वर्षी पत्र पाठवलं होतं.
त्यानंतर आम्ही नुसतं वाक्य पाठवत राहिलो,
तेही एकमेकांनाच.

दिव्याचं अजून काही नाही.
पत्र मात्र गेलं, मुलीच्या अक्षरात, पोच आली.
दोघा भावांपैकी एकाने पायरीवरचा बल्ब
पहाटेपर्यंत चालू ठेवलाय. दुसऱ्याने
त्याहून मोठा लावलाय.

वाटप आता मुलीकडे. अठरा बंद घरांत
ती दोन-दोन प्रती टाकते.
म्हणते, आत किती जण राहायला येतील काय ठाऊक.
खर्चाचा विषय मी अजून काढलेला नाही.