पाच बादल्यांचं शेत

खारीपाखाडीच्या मोजणीला मला पाठवलं
तेव्हा नकाशावर ती तांदळाच्या दाण्याएवढी होती.
तीन बाजूंनी काचेचे टॉवर, चौथीकडे विमानतळाची भिंत,
मधे एकोणचाळीस घरं, एक क्रूस, एक विहीर,
विहिरीवर जाळी, जाळीवर वाळत घातलेले बोंबील.

वाट विचारली तर बोस्त्याव म्हातारा म्हणाला,
"मोठ्या कोंडीतनं सरळ जा, मग रात्याच्या बांधावरनं डावीकडं."
मोठी कोंडी म्हणजे पार्किंग.
रात्याचा बांध म्हणजे दोन टॉवरांमधली फट,
जिथे कुरिअरची पोरं बाइकवर बसून डबा खातात.
तिथे म्हणे राता पिकायचा, लाल, जाड,
खारं पाणी शिरलं तरी मान न टाकणारा.
मी वहीत लिहिलं : बिनशेती.
ऑफिसात दिवसातून चाळीसदा लिहितो हा शब्द.
त्या दिवशी पहिल्यांदा त्यातला 'बिन' ऐकू आला.

जमीन गेली कशी, ते प्रत्येकाने वेगळं सांगितलं.
फिलूमावशी म्हणाली, सरकारने एका उन्हाळ्यात खुंट्या ठोकल्या,
आम्हाला वाटलं, बैल बांधायला.
जाकू म्हणाला, बापानं विकली, चांगल्या भावानं विकली,
लाज कसली त्यात?
पाच भाऊ होते आणि चिखल एकच.
मानवेल काही बोलला नाही. आतून घेऊन आला
आजोबांचा पितळी बिल्ला, लोडर नंबर एकशे बारा.
विमानांत सामान चढवायचे ते
स्वतःच्याच वावरात उभे राहून.

ऑक्टोबर होता. रविवारी आगेरा.
नव्या भाताची कणसं देवळात न्यायची,
पाद्रीबाबा पाणी शिंपडणार, मग घरोघर दारावर एकेक.
"पण भात आणता कुठून?"
"पालघरवरनं. पेंढी दीडशेला.
एका साली फुलबाजारातनं आणली, ती निघाली गव्हाची,
वर रंग मारलेला.
पाद्रीबाबा शहरातले. त्यांना काय कळतंय?"
आणि सगळं अंगण हसलं,
बोस्त्याव सोडून.

मग रेमेदिनाने मला जिन्याने वर नेलं,
गुडघा धरून, पायरीगणिक शिवी देत.
गच्चीत पाच बादल्या. रंगाच्या.
एकीवर अजून वाचता येत होतं : सात वर्षांची गॅरंटी.
चिखल खाडीचा, बी वसईच्या व्याह्यांचं,
पाणी शेजारच्या टॉवरच्या एसीचं,
नळी लावून वळवलेलं.
"चोरी नाय ती. त्यांचं गळतंय, माझं पिकतंय."
राखणीला नातवाच्या जुन्या सीड्या टांगलेल्या, कबुतरांसाठी.
जूनमध्ये एका बादलीत रोप केलं तिने,
मग उपटून पाचांत लावलं, वाकून, रीतसर.
"आवणी केल्याबिगर भात होतंय काय?"

डोक्यावरून विमान गेलं. इतकं खालून
की चाकं मोजता आली.
कणसं हलली. तिने वर पाहिलं नाही,
एका लोंबीवरचा किडा तेवढा चिमटीत धरला.

"मोज," म्हणाली.
मी हसलो. ती हसली नाही.
म्हणून टेप काढला, उकिडवा बसलो,
बादलीचं तोंड मोजलं, पाचाने गुणलं :
शून्य पूर्णांक एकतीस चौरस मीटर.
तिने आकडा दोनदा म्हणवून घेतला
आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितला,
जरासा वाढवून.

एक कणीस मागितलं मी. "आत्ता नाय.
आशीर्वाद व्हायचाय. रविवारी ये."
रविवारी मुलीचा क्लास होता. जमलं नाही.

अहवाल वेळेत दिला. काल परत आलाय,
पान सत्तेचाळीसवर लाल शेरा घेऊन :
'०.३१ चौ. मी., पीक राता, हे कसले?
खुलासा सादर करावा.'
कागद टेबलावर आहे, पेपरवेटखाली.
पंख्याने त्याचं एक टोक
सारखं उठतंय, बसतंय.