अडतीस

रविवारी पहाटे साडेचारला आम्ही तिसऱ्या गेटला जमतो.
तिथं आता पूल झालाय, पण जमायचं म्हटलं की गेटच.
हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची,
मग शिनोळीला चहा.
बाची संपते तिथं राज्य बदलतं.
अंधारात डोळ्याला नाही कळत, तळव्याला कळतं:
खडी जराशी जाड होते.
दस्तगीर ओरडतो, "आलं गा महाराष्ट्र, पाय उचला."
चहा पिऊन परत कर्नाटकात,
नाष्ट्याच्या आत घरी.

व्हिसाच्या खिडकीतल्या बाईनं
आमचे आठ पासपोर्ट पत्त्यांसारखे मांडले.
जन्मगाव कुणाचं बेळगाव, कुणाचं बेळगावी,
हुंदरे सरांचं छापणाऱ्यानं बेलगम करून ठेवलेलं.
"ही तीन वेगळी गावं आहेत का?"
एवढ्या साध्या प्रश्नाचं
आमच्याकडे एवढं लांब उत्तर होतं
की सर म्हणाले, "एकच, मॅडम.
आमच्या गावाचं शुद्धलेखन कच्चं आहे."

विमानातून उतरलो तर पाटी: दुधाचे पदार्थ आत नेता येणार नाहीत.
कडोलकर बहिणींच्या पिशवीत दोन किलो कुंदा.
टाकून देणं कुणाच्याच रक्तात नव्हतं.
भिंतीशी उभं राहून आठ जणांनी डबा संपवला,
बोटं चाटत रांगेत पुढे सरकलो.
अधिकाऱ्यानं रिकामा डबा हुंगला.
आम्हाला हुंगलं नाही, हे नशीब.

ते गाव नदीवरचं,
अर्धं या देशात, अर्धं त्या.
मॅरेथॉन पुलावरून पलीकडे जाते आणि परत येते.
पुलाच्या मधोमध एक निळी रेघ, वीतभर रुंद.
मी पासपोर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून
कमरेच्या पट्ट्यात खोचला होता.
रेघेशी आले तसा हात आपोआप पोटाशी गेला.
कोणीच नव्हतं.
एक पोरगा केळ्याचे तुकडे वाटत होता,
एक पाय इकडे, एक तिकडे.
मला राग आला.
कशाचा, ते अजून नीट सांगता येत नाही.
केळं मात्र घेतलं.

बाकीचे पुढे गेले. मागे उरलो मी आणि ईरण्णा अंगडी.
मी उद्यमबागेत फौंड्रीचे हिशेब लिहिते,
तो पलीकडच्या गल्लीत बेअरिंग विकतो,
वीस वर्षं बिलांवरून भांडतोय आम्ही.
पस्तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांचे दगड झाले.
खांबांवर नुसते आकडे.
वाचायला भाषा लागत नाही,
मोठ्यानं म्हणायला लागते.
मी म्हटलं, अडतीस.
तो म्हणाला, मूवत्तेंटु.
"तुमच्यात आठ आधी, मग तीस," तो धापा टाकत,
"असं उलटं का मोजूलालाय ओ तुम्ही?"
"आधी सुटे, मग बंदे," मी म्हटलं.
तो हसला, बरगडीत चमक भरली, थांबला.
थांबलो. चाललो.
पुढचा खांब येता येईना.
"आता काय म्हणायचं तुमच्यात?"
"एकोणचाळीस. चाळीसला एक कमी."
तो तसाच उभा राहिला रस्त्यात.
"म्हणजे चाळीस आत्ताच आलं की त्यात!
हेच धरू. हेच बरं हाय."
आणि पुढचा अख्खा किलोमीटर
तो माझ्या भाषेत एकच शब्द घोकत धावला,
चुकीचा उच्चार करत,
मी सुधारला नाही.
चाळीसला दोघं गप्प. दम नव्हता.

परतल्यावरचा पहिला रविवार.
बाचीला मी खाली बघत धावले.
खडी जाड झाली, बाकी काही नाही.
दस्तगीर ओरडला नाही, त्याच्या अंगठ्याचं नख गेलं होतं,
तो टेम्पोनं आधीच येऊन बाकावर बसला होता.
चहाचे पैसे मी दिले.
ईरण्णा टपरीवाल्याला कौतुकानं सांगत होता,
बघा, आधी सुटे देतात या,
मग नोट.