दोन व

रुवीतल्या खोलीत, एसीच्या घरघरीत
आरशासमोर दोन 'व' वेगळे करतेय:
एकाला दात खालच्या ओठावर,
दुसऱ्याला ओठांचा चंबू.
पारोळ्यात अकरा वर्षं एकाच 'व'वर भागलं,
एक विद्यार्थी तर तहसीलदार झाला.

प्रमाणपत्रांच्या पाठी शिक्क्यांनी भरल्या.
अर्जातला एकच रकाना कोरा: मातृभाषा.
काल तिथे पेन टेकवून बसले,
नुसता ठिपका उमटला.

घरमालकाची शम्सा वही घेऊन जिन्यात येते,
पेन्सिलला बेन्सिल म्हणते.
मी तिच्या तोंडापुढे तळहात धरते,
इथे वारा लागला पाहिजे.
चौथ्या खेपेला लागतो, थोडी थुंकीही.
ती हसते. मग तिचा तळहात, शाईने माखलेला,
माझ्या तोंडापुढे:
"आता तू, टीचर. विंडो."