पुढचं चाक

इंडिकेटर नको बघू, चाक बघ,
हसुराम भोईर सांगायचा.
इंडिकेटर माणसाच्या हातात असतो.
चाकाला थापा मारता येत नाहीत.

ऐरोली ते तुर्भे. पाठीवर थंड पेटी,
तिच्यात तेवीस जणांचं रक्त,
नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेलं.
साडेअकराच्या आत पोचवायचं.

रबाळ्याच्या पुढे ती पांढरी गाडी.
आतला माणूस मांडीवरच्या उजेडाकडे बघून हसतोय.
त्याच्या आरशात मी आहे,
त्याच्या लेखी नाही.

हॉर्न देत नाही मी. दचकलेला माणूस
कुठेही वळतो.
दोन बोटं ब्रेकवर, नजर खाली.
टायर बोटभर बाहेर डोकावला
तेव्हाच मी मागे राहिले.
त्याने आत घातली. दिवा नाही, काही नाही.
काहीच झालं नाही,
म्हणून त्याला कळलंही नाही.

सिग्नलला काच खाली करून मलाच विचारतो,
"ताई, महापेला कुठून वळायचं?"
"पुढून डावीकडे," मी म्हटलं,
"दिवा लावून."

हसुराम आता घणसोलीत, घराच्या ओट्यावर असतो,
डावा पाय लांब करून.
त्या दिवशीही त्याने चाकच बघितलं होतं.
उभ्या गाडीचं. सरळ, अगदी प्रामाणिक.
उघडलं ते दार.

तेव्हापासून उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना
मी एक दार अंतर ठेवते.
त्याला हे अजून
सांगितलेलं नाही.