अठरा महिने

सावाच्या छावणीत बस रिकामी झाली तेव्हा
अब्रेहेतच्या पिशवीत भूगोलाचं पुस्तक होतं
आणि आईनं दिलेली मिरचीपूड,
पुडी फुटून नकाशाभर सांडलेली.
शिंकत शिंकत रांगेत उभ्या राहिलो.
पहिली शिक्षा त्याचीच.

बंदुकीचा नंबर पाठ झाला. अजून आहे.
सांगणार नाही.

प्लास्टिकच्या चपलेचा पट्टा तुटला
की चमचा तापवून डागायचा,
हे मला तिनं शिकवलं.

लेतेब्रहाननं रजेत लग्न उरकलं,
मुलाचा चेहराही धड न बघता.
"नवरा एकच असतो," म्हणाली,
"इथे हुकूम देणारे किती, मोज."
आम्ही हसलो.
मोजायला कुणी बसलं नाही.

रात्री साहेबाच्या कॉफीसाठी
एकीचं नाव पुकारलं जायचं.
बाकीच्या झोपेचं सोंग असं वठवायच्या
की कवायतीत तेवढं जमतं, तर पदकं मिळती.

एकदा नाव अब्रेहेतचं.
परतली तेव्हा दोन्ही पट्टे तुटलेले.
कोण जागं होतं, तिनं विचारलं नाही.
मी उठून चमचा तापवला.
चप्पल जोडून होईपर्यंत
ती पाठ करून बसली होती.

पुढच्या महिन्यात एका पहाटे
तिचं अंथरूण घडी घातलेलं.
आम्हाला तीन दिवस उन्हात उभं केलं.
खरंच माहीत नव्हतं.

अठरा महिने म्हणाले होते.
हे सातवं वर्ष; धरणावर दगडांच्या गाड्या मोजते.
पुस्तक माझ्याकडेच आहे.
पश्चिमेच्या सरहद्दीवर तांबडा डाग.
काल बोट ओलं करून टेकवलं,
जिभेला लावलं.

आहे अजून.